उभ्याने वाचायचं कपाट

मला बसून वाचता येत नाही. ऑफिसातल्या फायली बसून वाचते, पण त्याचा पगार मिळतो. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की मी उठते. तलासरीच्या माझ्या भाड्याच्या खोलीत ओट्याला टेकून कादंबरी वाचते, या पायावरचा भार त्या पायावर टाकते आणि पान संपलं की मान वर करून खिडकीबाहेर बघते. गाडी लागली का, म्हणून. खिडकीबाहेर गवताची वखार आहे. तिथे कसली गाडी लागणार? पण मान वर होतेच.

ही सवय मला डहाणू रोडच्या स्टेशनबाहेरच्या एका गल्लीने लावली. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. कासाच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचा पाडा, तिथे भात आणि नागली पिकते. तिथून जीपने कासाला, कासाहून एसटीने डहाणूला, आणि कॉलेज सुटलं की तोच रस्ता उलटा. बी.ए. झाले, पहिल्या वर्गात झाले. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण सांगायला मला आवडतं.

कॉलेज दुपारी सुटायचं आणि कासाची गाडी तिच्या मर्जीने लागायची. मधला वेळ काढायला जागा नव्हती. स्टँडवर बसलं की कोणी ना कोणी येऊन विचारायचं, कुठली गं तू, कोणाची गं तू. हॉटेलात बसायचं तर काहीतरी घ्यावं लागतं. एकदा ऊन फार होतं म्हणून मी समोरच्या गल्लीतल्या पुस्तकांच्या दुकानात शिरले. शिरले सावलीसाठी, पुस्तकांसाठी नाही. ते उगाच सजवून सांगणार नाही.

दुकान लांबट, बोळासारखं. पुढे वह्या, कंपास, गाईडं, जिल्ह्याचे नकाशे, चित्रकलेचे कागद, शाळेच्या दिवसांत टांगलेली दप्तरं. मागे, माळ्यावर जाणाऱ्या जिन्याखाली, दारं नसलेलं एक सागवानी कपाट. त्यात मराठी आणि गुजराती गोष्टींची पुस्तकं, मिसळलेली. दुकानाचे मालक गुजराती. व्यापारी त्यांना शेठ म्हणायचे, आम्ही कॉलेजची पोरं काका. दुपारी काका जेवायला गेले की गल्ल्यावर काकी बसायच्या.

मी त्या कपाटासमोर उभी राहिले, तेव्हा काकाच होते. मला वाटलं, आता म्हणतील, घ्यायचं नसेल तर हात लावू नका. ते म्हणाले, "वाच ना. उभ्याने वाचायला पैसे नाय लागत. बसून वाचायचं तर विकत घे."

"आणि गाडी आली तर?"

"तर तिकीट घाल आत. उद्या परत ये."

मी सकाळच्या एसटीचं तिकीट पुस्तकात घातलं आणि पळाले. दुसऱ्या दिवशी पुस्तक त्याच जागी, तिकीट त्याच पानात.

मग हळूहळू त्या कपाटाचा कायदा कळला. तिकीट घातलेलं पुस्तक काका विकायचे नाहीत. कोणी हौसेने घ्यायला आलं, पाकीट उघडलं, तरी नाही. पुस्तक हातात घेऊन उघडायचे, आत तिकीट दिसलं की पुन्हा फळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "एमां माणस छे." गिऱ्हाईक मराठी असलं तर, "आत माणूस आहे, दुसरं बघा." गिऱ्हाईक चिडायचं. एकदा एक साहेब म्हणाले, "अहो, माणूस कुठे आहे? खुणेला ठेवलेलं एसटीचं तिकीट आहे हे." काका म्हणाले, "तो गावाला गेलाय. येईल."

काकींना हे अजिबात पसंत नव्हतं. मी आत शिरले की त्या शेजारच्या फरसाणवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आली बघा, झाडासारखी उभी राहायला. हिला मुळं फुटणार इथे." आणि तरी पावसाळा संपला की गच्चीवर पुस्तकं सुकवायला त्याच पुढे. समुद्राच्या हवेने पानं चिकटतात, बुरशी धरते. काकी चादर अंथरायच्या, पुस्तकं ओळीने उभी करायच्या आणि आम्हाला दम द्यायच्या, "तिकीट हललं तर बघा. नंतर काका माझं डोकं खातात."

माझ्या शेजारी उभी राहणारी एक वरोरची मुलगी होती. आई मासे विकायची आणि ही आईची पाटी रिकामी होईपर्यंत दुकानात थांबायची. तिला फक्त खुनाच्या गोष्टी लागायच्या. खुनी कोण ते तिला माझ्याआधी कळायचं आणि ती ते मला मुद्दाम सांगायची. आमची भांडणं व्हायची, हळू आवाजात, पुस्तकातून मान वर न करता. तिने हात लावलेल्या पुस्तकाला सुक्या बोंबलाचा वास यायचा. काकी नाकाला पदर लावायच्या, मग दोघींनाही फरसाणवाल्याकडच्या गाठ्या द्यायच्या आणि म्हणायच्या, "तेलाचे हात पुस्तकाला लावलेत तर हात तोडीन."

शेवटच्या वर्षी मी एक कादंबरी धरली होती. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, तिला बेटावरून निघायचं असतं. बाप नको म्हणतो, आई काहीच म्हणत नाही. ती धक्क्यावर उभी आहे आणि बोट दिसायला लागली आहे, इथपर्यंत मी आले होते. तेवढ्यात माझी गाडी लागली. तिकीट घातलं आणि निघाले. मग परीक्षा, मग स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, मग तलासरीची नोकरी. डहाणूला जायचे, नाही असं नाही, पण कामाला, घाईत. दुकानावरून जाताना आत डोकावायचे. काका हात करायचे. ते पुस्तक कुठेही मिळेल, असं कोणी म्हणेल. मिळालं असतं. पण मला ते विकत घेऊन बसून वाचायचं नव्हतं. आत मी होते, आणि मी येणार होते. इतकी वर्षं ती मुलगी माझ्यासाठी धक्क्यावर थांबली होती. कधी कधी ऑफिसात, भिंतीवरच्या पंख्याकडे बघताना, मला एकदम वाटायचं, गेली का ती? आणि मग दिवसभर चैन पडायचं नाही.

यंदा उन्हाळ्यात वरोरच्या मैत्रिणीचा फोन आला. आता ती स्वतः मासे घेते आणि विकते, दोन बायका हाताखाली आहेत. मला ती सायबीण म्हणते.

"काय गो सायबीण, झोपली का? काका दुकान सोडतात."

"कोण म्हणालं?"

"मोबाइलची कव्हरं विकणारा म्हणाला. त्यालाच दिलंय. शाळा सुरू व्हायच्या आधी खाली करणार."

शाळा सुरू व्हायच्या आधी. यातच सगळं आलं. त्या धंद्याचं वर्ष जूनवर चालतं. जूनआधी दुकान सोडणारा माणूस परत यायचा नसतो.

मी त्याच शनिवारी गेले. पुढची दप्तरं उतरवलेली, नकाशे गुंडाळलेले. काका स्टुलावर, गुडघ्यांना पट्टे. मुलगा वापीला असतो, तो न्यायला येणार होता. काकी मागे खोकी बांधत होत्या. कपाट मात्र तसंच होतं.

"कपाटाचं काय?" मी आधी तेच विचारलं. तब्येत नंतर विचारली. काकींनी ते टिपलं आणि म्हणाल्या, "बघा, आधी झाड आपली कुंडी विचारतं."

काकांनी सांगितलं की कपाट त्यांनी गावातल्या साहित्यमंडळाला द्यायचं कबूल केलंय.

हे मंडळ मला माहीत होतं. बोर्डीकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक त्याचे अध्यक्ष. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. माणूस वाईट नाही. गल्लीचा साहित्यवारसा जपायचा म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी एक फेरी सुरू केली आहे. मुंबईहून लोक येतात, टोप्या घालतात, आणि सर त्यांना दाखवतात, इथे माडीवर वाचनालय होतं, इथे छापखाना होता, तिथे लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कागदावर कवितांच्या पुस्तिका छापायचे, या बेकरीत मोठमोठे लेखक हवा बदलायला आले की बन खायचे, आणि या पुस्तकांच्या दुकानात ते येऊन गेले. एकदा मी काकांना विचारलं होतं, खरंच आले होते का? ते म्हणाले, "आले असतील. मी पुस्तक बघायचो, चेहरा नाही."

मला त्या फेरीचा राग होता, खरं सांगते. खोटं होतं म्हणून नव्हे. त्यात जे आले ते पाहुणे होते. आम्ही जे रोज उभे होतो, पाड्यांवरचे, वरोरचे, पायाला पेटके येईपर्यंत, ते त्या वारशात कुठेच नव्हतो.

काका म्हणाले, "सर काचेचं दार बसवणार. हॉलमध्ये ठेवणार. चांगलं राहील."

"कुलूप?"

"काच आहे म्हणजे कुलूप असेल."

"मग वाचणार कोण?"

"दिसेल तरी," काका म्हणाले. आणि मग, पट्ट्यावरून गुडघा चोळत, "पण मी सरांना सांगितलंय. ज्यात तिकीट आहे ते नाही द्यायचं. त्यात माणूस आहे, ते मी कसं देणार?"

"ती मला द्या."

"तू कुठे ठेवणार?"

"माझ्या खोलीवर. तलासरीला."

काका हसले. "तिथे कोण उभं राहणार? तू एकटी? जिथे माणूस थांबतो तिथे ठेव. मग देतो."

मी निघाले ते डोक्यात तेवढंच घेऊन. माणूस कुठे थांबतो? एसटी स्टँडवर थांबतो, पण तिथे कपाट ठेवायला परवानगी मागायची म्हणजे माझी रिटायरमेंट येईल. सरकारी नोकरीत आहे, मला कळतं. दवाखान्यात थांबतो, पण तिथे माणसाचं चित्त थाऱ्यावर नसतं. परतीच्या गाडीत मी बसले नाही, जागा असून दांडीला धरून उभी राहिले. चारोटीचा नाका आला आणि मला सुचलं. कासाला जीप भरेपर्यंत माणूस थांबतो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती कधी भरेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. त्या जीपांच्या समोरच माझ्या मावसबहिणीचं झेरॉक्सचं दुकान आहे.

ती म्हणाली, "ताई, इथे लोक आधार कार्डाच्या झेरॉक्सला येतात."

"येतात, आणि मग काय करतात?"

"मग मोबाइल बघत उभे राहतात."

"उभे राहतात ना? बस."

"मशीनच्या आड येता कामा नये," ती म्हणाली. "आणि कोणी पळवलं तर मी जबाबदार नाही." तेवढं कबूल करून घेतलं.

दुसऱ्या शनिवारी मी चिकूचे दोन रिकामे क्रेट घेऊन डहाणूला पोचले. दुकानात मंडळाची माणसं होती. दोन बायका, एक गृहस्थ, सगळ्यांच्या हातात मऊ फडकी. पुस्तकं पुसून, झटकून, एकावर एक रचलेली. किती नीट काम केलं होतं! आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तिकिटांचा ढीग.

जुनी तिकिटं, जाड कागदाची, भोकं पाडलेली. मधल्या काळातली गुलाबी. नवी मशीनमधली, त्यांच्यावरची अक्षरं उडून पांढऱ्या पट्ट्या झालेल्या. चिकूची वाळलेली पानं. एक केसांची पिन.

"हे काय केलंत?" माझा आवाज चढला.

त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "बघ ना, किती कचरा निघाला. वर्षानुवर्षं कोणी झटकलीच नव्हती."

"यात माणसं होती."

"कुठे?" त्या दचकून ढिगाकडे बघायला लागल्या, जणू त्यातून काही सरपटत निघेल.

तेवढ्यात सर आले. त्यांना काकांची अट ठाऊक होती, पण फडकी घेऊन आलेल्या माणसांना सांगायची राहून गेली होती. त्यांना वाईट वाटलं, ते दिसलं. पण वाईट वाटल्यावर ते म्हणाले, "अगं, पण आता झालं ते झालं. तिकिटं कुठल्या पानातली ते कोणाला ठाऊक? आणि खरं सांग, यातलं कोण परत येणार होतं?"

"मी येणार होते."

"तू तर येशीलच. उद्याच्या फेरीत तुला बोलायचंय. पाड्यावरची मुलगी या दुकानात वाचून शिकली, हे लोकांना आवडेल."

"मी इथे वाचून शिकले नाही, सर. मी कॉलेजात शिकले. इथे मी वाचत होते."

सरांना फरक कळला नाही. किंवा कळला असेल. मी काकांकडे बघितलं. ते स्टुलावरून सगळं ऐकत होते. मला वाटलं ते रागावतील, म्हणतील, करार मोडला. ते म्हणाले, "कायदा कायदा आहे. तिकीट नाही, माणूस नाही. सर, सगळी तुमची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. मी क्रेट उचलले. मी दारात पोचले तसे काका मागून म्हणाले, आणि ते मला नव्हे, सरांना सांगत होते, "पण टेम्पो उद्या दुपारी येणार ना? तोपर्यंत दुकान उघडं आहे. कपाटाला हात लावायला मी कोणाला नाही म्हटलेलं नाही. आजपर्यंत नाही."

काकी मागून हसल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. उद्या दुपारपर्यंत नवी तिकिटं घालता येणार होती.

संध्याकाळभर मी फोन करत होते, स्टँडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. बरोबर शिकलेल्यांना, त्यांच्याकडून आणखी कोणाला. बहुतेकांनी ओळखलंच नाही. एकजण म्हणाला, मी आता पुण्याला असतो. एकजण म्हणाली, अगं, ते कपाट अजून आहे? आणि मग तिचं मूल रडायला लागलं. एकाने विचारलं, यात आपल्याला काय मिळणार? मी सांगितलं, उभं राहायला मिळेल. त्याने फोन ठेवला. वरोरच्या मैत्रिणीने विचारलं, "खुनाच्या गोष्टी आहेत अजून?"

"आहेत."

"मग येते. पण खुनी सांगणार."

रविवारी सकाळी मी पोचले, तेव्हा ती आधीच उभी होती, पाटी दाराबाहेर ठेवून, आणि काका-काकी बोंबलाच्या वासाला सरावलेले. एक रिक्षावाला आला, तो आमच्या मागच्या वर्षाला होता. एक नर्स आली, तिला मी ओळखत नव्हते, ती म्हणाली, मी तुमच्यानंतरची. आणखी एकदोघे. बस. मी मोठ्या गर्दीची आशा धरली होती आणि तिथे मूठभर माणसं, आणि पुसलेल्या पुस्तकांनी पुन्हा भरलेलं कपाट. कपाटातून मी दीपगृहाची कादंबरी शोधून काढली आणि सकाळचं तिकीट आत घातलं. कुठल्या पानात? पान मला आठवत नव्हतं. पहिल्याच पानात घातलं.

एका माणसाने किती तिकिटं घालावीत? रिक्षावाल्याने खिशातून जुन्या पावत्या काढल्या आणि भराभर घालायला लागला. काका ओरडले, "ए, ते नाही चालणार. जे वाचतो त्यातच." तो ओशाळला. कायदा म्हणजे कायदा. आम्ही एकेक पुस्तक घेत होतो, चार पानं वाचत होतो, खरंच वाचत होतो, मग कागद घालत होतो. असं किती होणार? घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघत होते.

मग फेरी आली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पुढे सर. दुकानात एवढी माणसं मावत नाहीत, तरी आली. सरांनी ओळख करून दिली, पाड्यावरची मुलगी वगैरे, आणि म्हणाले, "बोल."

मी भाषण पाठ केलं होतं. ते सोडलं. मी म्हणाले, "या कपाटासमोर उभं राहून वाचायला पैसे पडत नाहीत. वाचा. संपलं नाही तर खिशात जे तिकीट असेल ते आत घाला. मग ते पुस्तक कोणी विकत नाही आणि कोणी नेत नाही. तुम्ही परत येईपर्यंत."

मग एका आजोबांनी टोपी काढली आणि एक पुस्तक घेतलं. मग एका मुलीने. मग जिन्याखाली जागा पुरेना, लोक वह्यांच्या रिकाम्या रॅकला टेकले. अर्धी फेरी वाचत उभी राहिली. उरलेले बाहेर गाठ्या खात होते. सर दोन्हीकडे बघत होते. सकाळच्या गाडीची रेल्वेची तिकिटं पुस्तकांत जात होती.

टेम्पो आला. सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तू मुद्दाम केलंस."

"हो सर. मुद्दाम."

"ही माणसं काय परत येणार आहेत का मुंबईहून, चार पानं वाचायला?"

मला स्वतःलाच ते टोचत होतं. टोपीवाल्या आजोबांनी तिकीट घातलं होतं, पण ते कासापर्यंत कशाला येतील? काकांच्या कायद्याने ते आत होते आणि माझ्या मनाने नव्हते. मी काकांना तसं म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, "ज्याने घातलं त्याचं त्याने बघावं. मी कधी विचारलं, तू खरंच येणार का?"

मग काकांनी प्रत्येक पुस्तक उघडून बघितलं. तिकीट असलं की माझ्या क्रेटमध्ये, नसलं की सरांच्या खोक्यात. "एमां माणस छे. नथी. नथी. एमां छे." सर शेजारी उभे राहून खोकं धरत होते. ते भांडले नाहीत, एवढं त्यांचं मी मानते. सगळं झालं, तेव्हा क्रेट भरले होते आणि खोकी त्याहून जास्त भरली होती. कपाटही टेम्पोत चढलं. मी विचारलंसुद्धा नाही. त्याला आता काच आहे, आत दिवा आहे, लोक फोटो काढतात. बरं दिसतं, मी बघून आले.

काकी निघताना म्हणाल्या, "पावसानंतर सुकवायचं विसरू नकोस." मुलगा गाडी घेऊन आला होता, काका पुढे बसले.

आता पुस्तकं कासाला आहेत. झेरॉक्सच्या दुकानात, मशीनच्या आड न येता, भिंतीला ठोकलेल्या दोन फळ्यांवर. पहिले काही दिवस कोणी बघेना. मी दर रविवारी जाते, तलासरीहून गाडीने, आणि गाडीत मला धीर धरवत नाही. मावसबहीण कंटाळते. "ताई, तू इन्स्पेक्शनला येतेस का?" हो, इन्स्पेक्शनलाच. कुठलं हललं, कुठलं गेलं, कशात नवं काही घातलं. जीपवाले तिकीट देत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लोक हाताला येईल ते घालतात. झेरॉक्सचा कापलेला कागद, गोळ्यांच्या पाकिटाची पट्टी, सागाच्या पानाचा तुकडा. दोन पुस्तकं नाहीशी झाली. एक परत आलं.

परवाच्या रविवारी मी ठरवून गेले की आज दीपगृहाची कादंबरी संपवायची. पहिल्या पानापासून सुरू करून दर वेळी थोडी थोडी वाचत मी अर्ध्यात आले होते, पण धक्क्याशी पोचले नव्हते. फळीवर पुस्तक नव्हतं. मी दोन्ही फळ्या चाळल्या.

"ते गेलं?" मी बहिणीला विचारलं.

"गेलं कुठे? ते बघ."

दुकानाच्या पायरीशेजारी एक बाई उभी होती, काखेत मूल, खांद्याला दवाखान्याची पिशवी. पुस्तक तिच्या हातात. ओठ हलवत, बोट ओळीखालून सरकवत वाचत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. मागे सरले. पुन्हा गेले. तिने माझ्याकडे बघितलं.

"तुमचं आहे का?"

"नाही. वाचा, वाचा."

पानावर वरून नजर टाकली. दीपगृह, बाप, सामान बांधलेली पेटी. धक्क्याच्या थोडंसंच अलीकडे. मला राहवेना.

"पुढे ती बोटीत बसते का हो?"

"थांबा की," ती म्हणाली. "अजून तिथवर आलेच नाही मी. तुम्ही वाचलंय का?"

"नाही."

"मग घाई कशाला?"

जीपवाल्याने हॉर्न दिला. भरली होती, एकच जागा उरली होती, आणि ती हिचीच होती. तिने मूल सावरलं, खूण ठेवायला काहीतरी शोधायला लागली. पिशवीत औषधं आणि केसपेपर, तो ती कसा घालणार? मी पर्समधून माझं सकाळचं एसटीचं तिकीट काढलं आणि तिला दिलं. तिने ते पानात नीट बसवलं, पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं आणि जीपकडे पळाली.

मी पुस्तक उघडलं नाही. फळीवर ठेवलं. मागून एका पोरीने हात पुढे केला, बारावीच्या परीक्षेची वाटत होती, आणि विचारलं, "हे घरी नेऊ का, ताई? दोन दिवसांत देते."

"दुसरं घे," मी म्हणाले. "आत माणूस आहे."